जिजी, तू प्रार्थनेत ते का बोललीस

जिजी,

आज तुला माती देऊन सतरा दिवस झाले. पुढच्या रविवारी तुझी स्मरणसभा आहे. त्यात वाटायला आपल्या चर्चची मंडळी एक छोटी पुस्तिका छापतेय, आणि सख्खी धाकटी बहीण म्हणून त्यातलं एक पान मी लिहावं, असं पाळकसाहेबांचं म्हणणं आहे. गुरुवारी ते स्वतः माझ्या मसाला कांडपावर आले. म्हणाले, "विमलताई, रोजच्या जगण्यात देवावर भरवसा कसा ठेवायचा हे शांताबाईंकडून शिकावं. वाचणाऱ्याला उत्तेजन मिळेल असं काही लिहा." चार गिऱ्हाइकं मिरचीचे डबे घेऊन उभी होती, म्हणून मी हो म्हणाले.

आता शनिवारची दुपार आहे. यंत्र बंद केलंय आणि कागद पुढ्यात घेऊन बसलेय. 'आमची प्रिय शांताबाई' एवढं लिहिलं आणि खोडलं. तू मला प्रिय नव्हतीस. निदान गेली सहा वर्षं तरी नव्हतीस, हे तुला माहीत होतं आणि निम्म्या नंदुरबारला माहीत आहे. मेल्यावर माणूस चांगलं होतं म्हणतात. तू जिवंतपणीच सगळ्यांना चांगली होतीस, त्यामुळे तुझ्या बाबतीत मला तीही सोय नाही. तेव्हा पुस्तिकेचं पान राहू दे. हे मी तुलाच लिहितेय. भांडण अर्ध्यावर टाकून गेलीस, ते मला पुरं करायचंय.

तुझ्या दफनाचं आधी सांगते, कारण तुला ते आवडलं असतं आणि मला त्याचाही राग आला. तू तीस वर्षं जिथं मुकादम होतीस त्या मिरची वाळवायच्या पथारीवरच्या सगळ्या बायका आल्या. हंगाम भरात, सगळं मैदान लाल मिरचीनं झाकलेलं, तरी देठ खुडायचं काम टाकून तशाच आल्या. हात धुतले नाहीत, लुगडी झटकली नाहीत. देवळाची दारं लावली आणि पाच मिनिटांत सगळ्यांना ठसका लागला. पाळकसाहेब दोनदा प्रार्थना थांबवून खोकले. कोण रडतंय आणि कोण खोकतंय ते कळेना. बायका मला मिठ्या मारून म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. मी खोकत होते. जन्म मिरचीत काढलेली मी, मला ठसका लागत नाही असं तू म्हणायचीस. त्या दिवशी लागला, एवढंच.

आता तुझा भरवसा. जो तो मला त्याचंच सांगतोय. शांताबाईंना कधी चिंता करताना पाहिलं नाही म्हणे. अरे, तिच्या वाटची चिंता मी करत होते ना. आठवतं, नवापूरला लग्नाला गेलो होतो आपण दोघी? परतीची शेवटची एसटी रद्द झाली. मी फलाटावर इकडून तिकडं येरझाऱ्या घालतेय, कंट्रोलरशी भांडतेय, आणि तू पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलीस, चेहरा असा की घरच्या ओट्यावर बसलीयस. तासाभरानं कोंबड्यांचा टेम्पो आला. ड्रायव्हर तुझ्या ओळखीचा निघाला, म्हणजे निघणारच. "बठ व विमल," तू म्हणालीस, "देवनी गाडी धाडी दिधी." नंदुरबारपर्यंत मी कोंबड्यांच्या पिंजऱ्याला पाठ लावून बसले. केसांतून तीन दिवस वास गेला नाही. मी तुला विचारलं होतं, तुझ्या देवाला एसटी पाठवता येत नव्हती का? तू इतकी हसलीस की ड्रायव्हरनं वळून पाहिलं.

एक मात्र कबूल करते. तू हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नव्हतीस. पथारीवर आभाळ भरून आलं की काही बायका जागच्या जागी हात जोडून उभ्या राहायच्या. तू ओरडायचीस, "आमेन मागून म्हना, पहिले ताडपत्री वढा." आणि सगळ्यांत पुढं तूच पळायचीस, ओठ हलत असायचे आणि हातात ताडपत्रीचं टोक. मी तेव्हा शेजारच्या रांगेत देठ खुडायचे. आपली ही जिजी म्हणून मला तेव्हा तुझा गर्व वाटायचा. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आताही सांगायचं मनात नव्हतं, लिहिता लिहिता गेलं.

तुझी खरी खोड वेगळी होती. तुझ्या पोटात काही राहायचं नाही. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा, आणि तिथं तू एकेकाचं नाव घेऊन देवाला सविस्तर सांगायचीस. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा सुरतेला जाऊन दारू प्यायला लागला, कुणाच्या सुनेचं माहेराशी बिनसलं. माझ्या नवऱ्याच्या मूळव्याधीसाठी तू नाताळच्या सभेत मोठ्यानं प्रार्थना केलीस. ते बिचारे तोंड लपवत मागच्या दारानं घरी आले आणि ईस्टरपर्यंत देवळात गेले नाहीत. मी रागावले तर तू म्हणालीस, सगळ्यांनी मिळून मागितलं की बळ येतं. बळ येत असेल. पण बाजारात भाजीवाली विचारते की दादांना आता बसता येतं का, त्याचं काय करायचं?

तरी तेव्हा मी हसून सोडून द्यायचे. कारण तुझं ऋण होतं माझ्यावर, आणि ते रिबूचं होतं.

माझी रिबेका चौदाची असताना तिला पहिला झटका आला. शाळेला सुट्टी होती, ती माझा डबा घेऊन पथारीवर आली होती. वाळत्या मिरचीतच आडवी पडली, डोळे फिरले, तोंडाला फेस. मी तिची आई, आणि मी दोन पावलं मागं सरले. ते मी कधी विसरणार नाही. कुणी चप्पल नाकाला लावायला धावलं, कुणी कांदा फोडला, एक म्हातारी म्हणाली भगताकडं न्या. तू सगळ्यांना ढकललंस, तिला कुशीवर वळवलंस, पदरानं तिच्या डोळ्यांतली मिरची टिपलीस आणि मोठ्यानं आकडे मोजत बसलीस, झटका किती वेळ टिकतो ते डॉक्टरला सांगायला. हे तुला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सुरतेच्या गाडीत आपण तिघी. गोळ्या सुरू झाल्या, सकाळी आठला एक, संध्याकाळी आठला एक. मी विचारलं, प्रार्थनेनं जाईल ना हे? तू म्हणालीस, गोळीही त्यानंच दिलीय, ती फेकली तर त्याचा अपमान होईल. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आठला तुझा फोन. "गोळी लिधी का व, रिबू?" तू मरायच्या आदल्या दिवशीही तो आला होता.

म्हणून तर मला कळत नाही, जिजी. जिनं माझ्या पोरीला मिरचीतून उचललं, तिनंच तिला माझ्या घरच्या बैठकीत का पाडलं?

नवापूरचं स्थळ होतं. मुलगा शिक्षक, घर मंडळीतलं, आई सुगरण, दाराशी आंब्याची दोन झाडं. रिबू बावीसची, लॅबचा कोर्स पुरा झालेला, दोन वर्षांत एकही झटका नाही. मी सगळी तयारी केली. गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. नवऱ्याला बजावलं, रिबूला बजावलं, आणि तुला तर दोनदा बजावलं. "जिजी, गोळीना एक शबद काढू नको." तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "मी त्यासले काहीच सांगाव नही." तुझा शब्द होता तो.

पाहुणे आले, बसले. मुलाचा काका म्हणाला, "शुभकार्य आहे, मोठ्या मावशींनी प्रार्थनेनं सुरुवात करून द्यावी." सगळ्यांनी डोळे मिटले. तू उभी राहिलीस आणि तुझ्या त्या देवळातल्या मराठीत सुरू केलंस. हे दयाळू पित्या, या दोन घरांना तू एकत्र आणलंस म्हणून तुझे उपकार. मी मनात म्हटलं, छान. मग तू म्हणालीस, आणि या लेकराला तू चौदाव्या वर्षापासून झटक्यांतून सांभाळलंस, दोन वेळच्या गोळीतून तिला आरोग्य दिलंस, म्हणून तुझे उपकार. जे तिला स्वीकारतील त्यांना हे ओझं नाही तर तुझी राखण वाटू दे.

मी डोळे उघडले. समोर मुलाच्या आईनंही उघडले होते. बाकी सगळे मान खाली घालून, डोळे मिटून, आणि आम्ही दोन आया एकमेकींकडं बघतोय. ती बाई वाईट नव्हती. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता हिशेब होता, आणि तो मला वाचता आला. तू 'आमेन' म्हणालीस. सगळे 'आमेन' म्हणाले. मीही म्हणाले, सवयीनं.

त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, कळवतो म्हणाले. त्यांनी काय कळवलं ते तुला माहीत आहे. काहीच नाही. पुढं कळलं की त्यांच्या मुलाची शिक्षकाची नोकरी कंत्राटी होती. तेही लपवतच होते ना? स्थळ पाहताना कोण सगळी पानं उघडून ठेवतं? लग्नाच्या बाजारात झाकली मूठ सव्वा लाखाची, हे पथारीवरची अडाणी बाईही सांगेल.

ते गेल्यावर आपण दोघी बैठकीत, आणि रिबू आत मोरीवर कपबशा धूत होती. मी म्हणाले, "तू मन्ही पोरनं वाटोळं करं." तू म्हणालीस, "मी देवले सांगं, विमल." मी म्हणाले, "देवले आठ वरीसपाईन माहीत व्हतं. ज्यासले माहीत नव्हतं, त्यासले सांगं तू." तू आतल्या दाराकडं पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस, आणि म्हणालीस, "त्यानी पाहेल शे." मग चपला घालून निघून गेलीस. माफी नाही, कारण नाही, चूक झाली असं नाही. म्हणे त्यानं पाहिलंय.

त्या शब्दांवर मी सहा वर्षं जळले. देवळात तुझ्या बाकापासून लांब बसू लागले, मग देवळात जाणंच सोडलं. माझी प्रार्थना सुटली. डोळे मिटले की ती नवापूरची बाई समोर दिसायची. तू कांडपावर मिरची घेऊन यायचीस तर तुला गिऱ्हाइकासारखं रांगेत उभं केलं. एका हंगामात तर तुझी मिरची मी मुद्दाम जाड दळली. चाळणी बदललीच नाही. घरी गेल्यावर तुला कळलं असणारच, आमटीत लाल कोंडा तरंगला असणार. पुढच्या वेळी तू पुन्हा माझ्याकडंच आलीस आणि जाताना म्हणालीस, प्रभू तुझ्या हाताला बरकत देवो. असं कोणी म्हटलं की मारलेली चपराक आपल्यालाच लागते. मला ते नको होतं. तू भांडायला हवं होतंस.

नाताळच्या आधी तू करंज्यांचा डबा घेऊन आलीस. मी दारातूनच घेतला. आत ये म्हणाले नाही. तू थकलेली दिसत होतीस, दाराच्या चौकटीला टेकली होतीस, ते मी पाहिलं आणि तरी म्हणाले नाही. तुझा डबा अजून माझ्याकडं आहे, परत कुणाला करायचा ते कळत नाही.

मला एकच विचारायचं होतं. सहा वर्षं तेच जिभेवर होतं. तू मुद्दाम बोललीस, की प्रार्थनेच्या भरात पाहुणे बसलेत हे विसरलीस? विसरली असशील तर मी माफ केलं असतं, अगदी कुरकुरत, पण केलं असतं. मुद्दाम बोलली असशील तर तू माझी बहीण नाहीस. हे विचारायचं धाडस मला झालं नाही आणि आता उत्तर द्यायला तू नाहीस.

*

इथवर काल लिहिलं. आज रविवार, आणि मला ते सगळं फाडून टाकावंसं वाटतंय. फाडत नाही. माझा राग कसा असतो ते कुठंतरी लिहिलेलं राहू दे.

दुपारी रिबू कांडपावर आली. अठ्ठावीसची झालीय आता, दवाखान्याच्या लॅबमध्ये तिचा हात चांगला बसलाय, चार वर्षं झटका नाही. मी पाखडायच्या सुपाशी बसले होते. म्हटलं, तुझ्या मावशीवर लिहिलंय, ऐक. खरं लिहिलंय म्हणून पाळकसाहेबांना आवडणार नाही, पण तू ऐक. आणि वाचून दाखवलं, सगळं. कोंबड्यांच्या टेम्पोला ती हसली. पुढं हसायची थांबली. शेवटचं वाचून मी मान वर केली तर ती यंत्राच्या पट्ट्याकडं बघत होती.

"मम्मी, हाई कोनले देऊ नको," ती म्हणाली.

"कसाले?"

"मावशीले मीच सांगेल व्हतं."

मला वाटलं गोळ्यांविषयी म्हणतेय. म्हटलं, तिला गोळ्या माहीतच होत्या. रिबू म्हणाली, तसं नाही. पाहुणे यायच्या दोन दिवस आधी मी मावशीकडं गेले होते. तिला म्हटलं, मला चोरून गोळ्या खाऊन संसार करायचा नाही. एखाद्या दिवशी घ्यायची राहिली, स्वयंपाक करताना चुलीवर पडले, आणि घरात कुणाला काय झालंय तेच माहीत नाही, तर मी मरेन. त्यांना आधीच कळू दे. मावशी म्हणाली, मग तू सांग. मी म्हटलं, मम्मीसमोर माझं तोंड उघडणार नाही. मग मावशी म्हणाली, तुझ्या आईला सांग. मी म्हटलं, ते तर त्याहून नाही.

"मंग माले का नही सांगं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू आला.

"तुले?" ती म्हणाली. "तुले कोन काय सांगी, मम्मी?"

ती उद्धटपणे बोलली नाही, जिजी. उद्धटपणे बोलली असती तर बरं झालं असतं. मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं म्हणाली.

बाकीचं तिनं हळूहळू सांगितलं. प्रार्थनेत सांगेन, असं तूच म्हणालीस. आणि तिनं तुझ्याकडून वचन घेतलं की मम्मीला कळता कामा नये की हे मी सांगायला लावलं. त्या दिवशी कपबशा धुताना आपलं सगळं बोलणं तिला ऐकू येत होतं. आता बाहेर जाऊन सांगावं, आता सांगावं, असं म्हणत ती त्याच त्या कपबशा धूत राहिली. तू आतल्या दाराकडं बघत होतीस ती तिची वाट बघत होतीस. ती आली नाही, आणि तू चपला घातल्यास.

त्यानंतर दरवर्षी ती तुला विचारायची, मावशी, आता सांगू का? तू म्हणायचीस, तुझ्या आईचा राग जरा उतरू दे, उतरला की तू स्वतः सांग. माझी चिंता करू नको, ते मी देवाच्या हातात दिलंय. आणि दोघी जणी माझा राग उतरायची वाट बघत बसलात. सहा वर्षं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसली मी.

जिच्या पोटात म्हशीची गोष्ट राहत नव्हती, तिच्या पोटात ही राहिली. भाऊबंदांत तुला लोक चोंबडी म्हणाले, ते तू ऐकलंस. माझ्या दारात उभी राहिलीस, रांगेत उभी राहिलीस, जाड मिरची खाल्लीस. एक वाक्य बोलली असतीस तर मी तुझे पाय धरले असते. पण ते वाक्य रिबूचं होतं, म्हणून तू बोलली नाहीस.

तुला वाटेल आता विमलचा राग गेला. नाही गेला. उलट कालपेक्षा जास्त आहे, आणि आता तो कुणावर काढू ते कळत नाही. पोरीवर काढू? आपलेच दात, आपलेच ओठ. तुझ्यावर काढते. तू मला तुझा तिरस्कार करू दिलास, जिजी. हा काय भरवसा झाला? देव त्याच्या वेळेला सगळं नीट करील म्हणून तू गप्प राहिलीस. त्याची वेळ अठरा दिवस उशिरा आली. महिनाभर आधी आली असती तर करंज्यांच्या दिवशी तू दारात नसतीस, आत बसली असतीस. तुझ्या देवाला एसटी वेळेवर आणता येत नाही हे मी तेव्हाच म्हटलं होतं.

आणि त्याच्यावर एवढा भरवसा टाकलास, त्यातला चिमूटभर माझ्यावर टाकता आला नाही? एकदा मला बाजूला घेऊन सांगून बघायचं होतंस.

हे लिहिलं आणि हात थांबला. मी स्वतःलाच विचारलं, सांगितलं असतं तर काय केलं असतंस, विमल? खरं लिहिते. पहिल्यांदा रिबूच्या मुस्काटात दिली असती. मग तुला म्हणाले असते की माझ्या पोरीला तू फितवलीस. मग स्थळाला फोन करून सांगितलं असतं की मावशी म्हातारी झालीय, तिला काही समजत नाही. तू मला ओळखून होतीस. माझ्यापासून तू माझ्या पोरीला वाचवलंस, आणि ती माझ्यापासून तुटू नये म्हणून मला तिच्याऐवजी स्वतःला दिलंस, की घे, हिच्यावर राग काढ.

मला तुझी आठवण येते. रागासकट येते. सकाळी शटर उघडताना वाटतं, आज येईल, पिशवी घेऊन रांगेत उभी राहील, आणि मी तिला सगळ्यांच्या पुढं घेईन. मग लक्षात येतं. दफनाच्या दिवशी मी रडत होते, जिजी. खोकत नव्हते.

पाळकसाहेबांना मी आज सांगून टाकलं की पान दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. तुझ्याविषयी मला जे सांगण्यासारखं आहे ते छापण्यासारखं नाही. त्यांना वाटलं, अजून राग आहे. वाटू दे.

दुपारी रिबूचं हे सगळं सांगून झाल्यावर मी उठून जायला निघाले तर रिबू म्हणाली, "मम्मी, आजून एक सांगनं शे." ती माझ्या हातांकडं बघत होती. माझे हात कसे आहेत, मुठी वळल्यात का, ते बघत होती. माझी मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि बोलण्याआधी माझे हात तपासते, हे मला आज कळलं. एरवी मी म्हटलं असतं, आता आणखी काय दिवे लावलेस? ते वाक्य जिभेवर आलंही होतं. सहा वर्षांत मी देवाकडं काही मागितलं नव्हतं. तिथं सुपापाशी उभी राहून, डोळे उघडे ठेवून, मनातल्या मनात म्हणाले, देवा, माझं तोंड धर.

त्यानं धरलं. मी परत खाली बसले. रिबू बोलायला लागली आणि पाऊण तास बोलली. मधे दोन गिऱ्हाइकं शटर वाजवून गेली, मी उठले नाही, बोलले नाही. काय म्हणाली ते इथं लिहीत नाही. तुला ते आधीच सांगितलं होतं म्हणाली, आणि बाकी कुणाला सांगायचं ते ती ठरवेल.